कॉमेंट्स बंद, स्कोअर चालू

पहिली श्रद्धांजली आली तेव्हा आमोणेची टीम एका गोलनं पुढं होती.

रविवार होता. डिचोलीच्या ऑफिसात मी एकटीच बसले होते. समोर सेमीफायनलचं पान उघडं होतं. वर स्कोअर: आमोणे एक, धारगळ शून्य. खाली लोकांच्या कॉमेंट्स सरकत होत्या. ‘शाब्बास रे’, ‘रेफरीला चष्मा द्या’, नेहमीचंच सगळं. मध्येच एक ओळ आली, ‘दत्तारामभाऊंना भावपूर्ण श्रद्धांजली.’ पुढं जोडलेले हात.

मला वाटलं, कुणाचा तरी चावटपणा. गोल खाल्लेल्या टीमला श्रद्धांजली वाहणारे नग आमच्या पानावर पुष्कळ होते. ओळ पुसायला मी माऊस हलवला, तेवढ्यात दुसरी आली. मग तिसरी आली आणि तिच्यात ‘आमोणेचा आधारस्तंभ’ असं लिहिलं होतं. मी माऊस सोडून दिला.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. माझी सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. पूर्वी आम्ही खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची बिलं करून द्यायचो. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, आमची बिलंही संपली. तेव्हा एका फुटबॉल संघटनेचं काम मिळालं. त्यांना एक पान हवं होतं, मोबाईलवर दिसणारं. त्यावर फिक्श्चर, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी, कधी आणि कुठल्या मैदानावर. आणि मॅच चालू असताना लाईव्ह स्कोअर. प्रत्येक मैदानावर आमचा एक स्कोअरर बसायचा. गोल झाला की त्यानं आपल्या मोबाईलवर बटण दाबायचं, की इकडे पानावर आकडा बदलला. खाली लोकांना लिहायला जागा. एवढंच.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते मला शिकवलं दत्तारामभाऊंनी, तेही फोनवर. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मांडवी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी होते. आमोणेचा क्लब त्यांनीच उभा केला. बार्ज बंद झाल्या, त्यानंतर आजारानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. मग दर रविवारी ते आमचं पान बघत पडून राहायचे आणि चूक दिसली की फोन करायचे.

“अगो बाय, तो फाउल न्हय. ऑफसाईड तो. तुझ्या माणसाक डोळे आसात मरे?”

मी तोंडाळ बाई. सुरुवातीला मीही उलट ऐकवायचे. मग लक्षात आलं, हे फुकट मिळालेलं ट्रेनिंग आहे. त्यानंतर ऑफसाईड म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून तीन वेळा समजून घेतलं आणि तीनही वेळा विसरले. “तुका येवचां ना,” असं म्हणून ते हसायचे, मग खोकायचे.

तर ते दत्तारामभाऊ गेले होते. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश त्याच घडीला धारगळच्या मैदानावर आमोणेच्या गोलमध्ये उभा होता.

फोन वाजला.

“बाय, मी सगुण. दत्तारामाचो थोरलो भाव.” आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण ठाम. “आमचो दत्ताराम गेलो गो. आत्ताच. तुझ्या त्या पानार लोक लिवूक लागल्यात. तां पयलां बंद कर.”

“काका, सिद्धेशला कळवलंत?”

“ना. कळता कामा नये. कोणाकच कळता कामा नये. कानार पडल्याबगर सुतक लागणा ना.”

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडं लग्नघरात हे होतं. मांडव पडलाय, नवरी चौरंगावर बसलीय आणि तिकडे भावकीतलं कुणी गेलं, तर निरोप आणणारा दारात थांबतो. सुतक कळल्यापासून धरायचं. कळलंच नाही तर लागलं नाही. अक्षता पडल्या की मग सांगायचं. पण फुटबॉलच्या मॅचला हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

काकांचा हिशेब मात्र बरोबर होता. धारगळचं ते मैदान देवस्थानचं. देवळासमोरचंच. सुतकातला माणूस त्या जागेत पाय ठेवत नाही. आणि आमोणेची टीम म्हणजे एका भावकीची टीम. दोन पोरं सोडली तर सगळे एकाच कुळाचे, काका-पुतणे आणि चुलतभाऊ. बातमी मैदानावर पोहोचली असती, तर एका दमात नऊ जण लाईनीबाहेर गेले असते. सातांपेक्षा कमी खेळाडू उरले की मॅच होत नाही, समोरच्याला वॉकओव्हर मिळतो. म्हणजे न खेळता जिंकल्याचा निकाल.

वॉकओव्हरचंही एक वेळ चाललं असतं. पण त्या दिवशी मैदानावर मुरगावहून दोन सिलेक्टर आले होते. बंदरातल्या एका कंपनीची टीम होती, तिला गोलकीपर हवा होता. टीममध्ये घेतलं की कंपनीत नोकरी. सिद्धेशला त्यांनी एकदा पाहिलं होतं, या मॅचला दुसऱ्यांदा बघून हो की नाही सांगणार होते. त्या घरात कमावणारं कुणी उरलं नव्हतं. बाप बार्जवरून घरी बसला आणि आता तोही गेला.

“काका, पण बाप गेलाय त्याचा,” मी म्हटलं. “उद्या तो विचारेल, मला का नाही सांगितलंत.”

“विचारांदी. मी थोरलो मरे. पाप लागलां तर माका लागांदी. पोराक नोकरी लागांदी.” मग म्हणाले, “आणि आयक. पान मात्र बंद करू नको. आमी घरात तांच बघून बसल्यात. गाडी हायवेर उबी आसा. शिट्टी वाजली काय फोन करतलो, ते पोराक घेवन येतले. दिवेलागणीच्या आदी आगीन दिवची आसा.”

म्हणजे कॉमेंट्स बंद करायच्या आणि स्कोअर चालू ठेवायचा.

सांगायला सोपं. अडचण अशी होती की आमच्या सिस्टीममध्ये स्कोअर आणि कॉमेंट्स एकाच फीडमधून यायचे. फीड म्हणजे नळ समजा. एकाच नळातून गरम आणि गार पाणी येत होतं. बंद केला तर दोन्ही बंद. वेगळं बटण आम्ही केलंच नव्हतं, कारण संघटनेनं मागितलं नव्हतं. उलट सेक्रेटरी म्हणाले होते, लोकांनी भांडलं पाहिजे, भांडण झालं की पान जास्त बघितलं जातं.

एकेक ओळ पुसत बसायचं तर एक पुसेपर्यंत चार येत होत्या. मुरगावच्या डॉकवरून, आखातातून, कुठून कुठून लोक लिहीत होते. सगळे चांगल्या मनानं. सेक्रेटरींना फोन लावला.

“मॅडम, पान बंद नाही हं करायचं,” ते म्हणाले. “सेमीफायनल आहे. मी इथं सिलेक्टर लोकांच्या बाजूला बसलोय, ते पण तुमचंच पान बघतायत.”

“त्यांनी कॉमेंट्स पाहिल्या?”

“पाहिल्या असतील. त्यांना दत्ताराम कोण ते कुठं ठाऊक? ठेवतो, कॉर्नर आहे.”

मी फोनवर एक शिवी दिली. तोवर त्यांनी तो ठेवला होता हे बरं झालं.

मग मैदानावरच्या आमच्या स्कोअररला लावला. उल्हास त्याचं नाव. धारगळला हायवेवर टायरचं दुकान चालवायचा, रविवारी आमच्यासाठी बसायचा. धारगळचाच माणूस, म्हणजे समोरच्या पार्टीचा. त्याला कसं विचारावं ते मला सुचेना.

“उल्हास, तिकडं काही... कुणी काही बोलतंय?”

“मॅडम, आमकां सगळ्यांक कळलां,” तो हळू आवाजात म्हणाला. “पानार वाचलां. आमचे थोर लोक सगळ्यांक सांगत फिरल्यात, तोंडातून सबद भायर काढू नकात म्हणून.”

मला भरून आलं. काय सांगू! धारगळच्या एका माणसानं एकदा मोठ्यानं ओरडायचं होतं, बस्स. फायनल त्यांच्या खिशात होती. शेदोनशे माणसं लाईनीला उभी होती आणि एकानंही ते केलं नाही. धारगळची टीम आजतागायत एकदाही चॅम्पियन झालेली नाही, हेही सांगून ठेवते.

“पोरांचे मोबाईल कुठे आहेत?”

“बॅगांत. कीपराची बॅग गोलच्या मागं, बाकीच्यांच्या झाडाखाला. हाफ-टाइम जावंक आयलो, बघा.”

हाफ-टाइम म्हणजे मधली विश्रांती. पोरं पाणी पिणार आणि मोबाईल काढणार. आजकालची सगळी पोरं काढतात. त्याच्या आत मला काहीतरी करायचं होतं.

नळ दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी ठरवलं, नळच नको, आपण कळशीनं पाणी वाहू. एक साधं, कोरं पान केलं. त्यावर दोन टीमची नावं, दोन आकडे आणि ‘पहिला हाफ’ एवढंच. जुन्या पानावर येणाऱ्या प्रत्येकाला या नव्या पानावर वळवायचं. हे पान आपोआप बदलणार नव्हतं. उल्हासनं फोनवर सांगायचं आणि मी हातानं आकडा टाकायचा, शाळेत पाटीवर लिहितात तसं. चालू मॅचमध्ये असा खेळ करणं म्हणजे धावत्या गाडीचं चाक बदलणं. एक अक्षर चुकलं असतं, तर पान कोरं झालं असतं आणि आमोणेच्या त्या घरात काही कळायचं बंद झालं असतं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं.

मोबाईलवर बघितलं. श्रद्धांजल्या गेल्या होत्या. दोन नावं, दोन आकडे.

“शिट्टी जाली,” उल्हास म्हणाला. “थोडो वेळ जालो तिका.”

“पोरं काय करतायत?”

“पाणी पितात. लिंबू चोखतात. हंय कोण मोबाईल बघता असां दिसणा ना.”

मी खुर्चीत मागे टेकले. वेळेवर जमलं असं मला वाटलं.

दुसरा हाफ सुरू झाला. उल्हास बोलत होता, मी ऐकत होते. त्याला रेडिओवाल्यासारखी बोलायची हौस होती, पण त्या दिवशी तोही कमी बोलत होता. मध्येच म्हणाला, “कीपर गप्प आसा हां आज.”

मग गोल झाला. आमोणेवर.

“कसा?” मी विचारलं. कधी विचारायचे नाही, त्या दिवशी विचारलं.

“कसलो गोल तो! उंच बॉल आयलो. बॅकवाल्याक दिसलां कीपर घेतलो, कीपराक दिसलां बॅकवालो मारतलो. दोगय बघीत रवले. कीपरान साद घालूक जाय मरे! ‘माझो’ म्हणूक जाय. आमच्या पोरान मदीं पाय घातलो.”

मी आकडा बदलला. एक-एक. लगेच सगुणकाकांचा फोन.

“बाय, हां खरां?”

“खरं काका.”

“मगे आता?”

“असंच राहिलं तर टायब्रेकर.” टायब्रेकर म्हणजे बरोबरी सुटली नाही तर दोन्ही टीमनी पाच-पाच पेनल्टी मारायच्या. समोर फक्त गोलकीपर.

मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. काका म्हणाले, “वेळ लागतलो मगे.”

“थोडा लागेल.”

“लागांदी. तुझां पान बघतांव.”

बरोबरीच राहिली. टायब्रेकर झाला. एकेका पेनल्टीला मी आकडा टाकत होते आणि मला दिसत होतं ते आमोणेचं घर, जे मी कधी पाहिलं नव्हतं. मधल्या खोलीत दत्तारामभाऊ, डोक्याशी दिवा आणि पडवीत कुणाच्या तरी हातात मोबाईल. मृत माणसाच्या घरी आपण आकडे पाठवतोय याची मला लाज वाटत होती. आणि आकडा चुकू नये याचीही तितकीच काळजी होती.

सिद्धेशनं धारगळची शेवटची पेनल्टी अडवली. आमोणे फायनलमध्ये गेली.

मी ‘मॅच संपली’ असं टाकलं. काकांचा फोन आला नाही. यायचं कारणच नव्हतं. पुढचं उल्हासनं सांगितलं. गाडी मैदानाशी आली. कुणीतरी सिद्धेशच्या खांद्यावर हात ठेवला. तो काही न विचारता गाडीत बसला, ग्लोव्ह्ज हातातच होते. मग बाकीच्या पोरांना सांगितलं, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि लगेच उठून मैदानाबाहेर गेली. त्यांच्या बॅगा धारगळच्या पोरांनी उचलून टेम्पोत घातल्या.

सुतक संपल्यावर मी सेक्रेटरींना विचारलं, सिलेक्टर काय म्हणाले?

“नाही म्हणाले.”

“का? पेनल्टी अडवली की त्यानं!”

“हात चांगले आहेत म्हणतात. पण बोलत नाही. मॅडम, कीपरला सगळं मैदान दिसतं. त्यानं ओरडून डिफेन्स चालवायचा असतो. हा पोरगा दुसऱ्या हाफमध्ये एक अक्षर बोलला नाही. तो गोल त्यामुळंच बसला. गप्प कीपर त्यांना नको.”

मला राग आला, पण सिलेक्टरवर रागवायचं कारण सापडेना. त्यांनी आपलं काम केलं होतं.

थोड्या दिवसांनी सिद्धेश ऑफिसात आला. उंच, सावळा, मुंडण केलेलं. केस नुकते परत येत होते. दारातच उभा राहिला.

“मॅडम, एक काम होतं. सेमीफायनलच्या कॉमेंट्स तुम्ही काढल्यात. त्या कुठं राहिल्यात काय?”

“आहेत. फक्त दिसत नाहीत. का रे?”

“बाबा मॅचच्या आधी माझ्यासाठी काय तरी लिहायचे. नेहमी. मी हाफ-टाइमला वाचायचो. त्या दिवशी उघडलं तर खाली श्रद्धांजल्याच होत्या. वर जायचा धीर झाला नाही. बाबांचं काय असेल तर बघायचं होतं.”

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

“तू हाफ-टाइमला पाहिलंस?”

“पाहिलं. शिट्टी झाल्या झाल्या टॉवेल काढायला बॅग उघडली, मोबाईल हाताला लागला.”

“मग तू...”

“बोललो असतो तर सगळ्यांना सुतक लागलं असतं, मॅडम. मी एकटाच धरून उभा राहिलो.” तो खाली बघत होता. “तोंड उघडायची भीती वाटत होती. उघडलं असतं तर रडू आलं असतं. म्हणून बॉल आला तेव्हा साद घातली नाही.”

मी त्याला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग जुनं पान काढलं. दत्तारामभाऊंची एकच ओळ होती, मॅच सुरू व्हायच्या आधीची. ‘दुसऱ्या हाफाक ऊन डोळ्यार येतलां. टोपी घाल.’ सिद्धेशनं ती वाचली, पुन्हा वाचली. मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला. मी तोंड फिरवून रडले. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

मग माझा स्वभाव जागा झाला. “हे बघ, मी आत्ता सेक्रेटरींना फोन लावते. ते सिलेक्टरना सांगतील, पोरगा का गप्प होता ते. कुणीही माणूस समजून घेईल. परत बोलावतील तुला.”

“नको.”

“अरे, नोकरी आहे ती!”

“सेक्रेटरी चार जणांना सांगतील. काकांच्या कानावर जाईल. मला न सांगितल्याचं काकांना अजून लागून राहिलंय. रोज म्हणतात, पोरा, पाप माझ्यावर, पण तुला सुखानं खेळायला दिलं. तेवढ्यावर जगतात ते. तुम्ही सांगू नका.”

मी फोन खाली ठेवला. तो निघून गेला.

त्याला पुढं डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, शिफ्टची. फुटबॉलची नाही. आमोणेची टीम फायनल हरली, गोलमध्ये दुसराच पोरगा होता. सगुणकाका गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की सिद्धेशला काही कळलं नव्हतं. म्हणून आज हे लिहिता आलं. सिद्धेशला विचारून लिहिलंय.

आमच्या सिस्टीममध्ये आता कॉमेंट्सचं वेगळं बटण आहे. मॅच चालू असेपर्यंत ते आम्ही बंदच ठेवतो. नव्या गिऱ्हाइकांना ते आवडत नाही, लोक कमी येतात म्हणतात. मी त्यांना सांगते, लाईव्ह पान बनवताना ते बाहेरून कोण बघणार याचाच विचार सगळे करतात. मैदानात उभा असलेलाही ते उघडू शकतो. काहींना पटतं, काही दुसरीकडं जातात.